अनधिकृत मोरी

आमच्या घरात संडासाला संडास म्हणायची पद्धत नाही. मागच्या अंगणाच्या टोकाला जे काही बांधलेलं आहे त्या सगळ्याला मिळून एकच शब्द, मोरी. आंघोळ मोरीत, भांडी मोरीत, आणि ते दुसरं कामही "मोरीत जाऊन येतो" असंच. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, बाई बाई, किती स्वच्छ माणसं, दिवसभर हातपायच धुतात! या सभ्यपणाने पुढे आमचं किती भलं केलं ते सांगते.

घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पुढे वाळू, मागे अंगण, आणि पावसाळ्यात त्या अंगणावर असं शेवाळ धरतं की मांजरसुद्धा जपून पाऊल टाकतं. दोन पावसाळ्यांपूर्वी सासूबाई मोरीत जाताना तिथंच घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना आता ओल्यातून चालवू नका. पुन्हा पडल्या तर या वयात सावरायच्या नाहीत." यापेक्षा स्पष्ट कोणी काय सांगणार?

सासूबाईंना मी आई म्हणते. जन्मभर त्यांनी रेवदंड्याच्या बाजारात मासळी विकली. आवाज अजून असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतला माणूस वळून बघेल. त्यांच्यासाठी मी बेडपॅन आणलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "चांगलं हाय. यात सुकट ठेव." विषय संपला.

मग ठरलं की त्यांच्या खोलीला लागून जी उघडी पडवी आहे, तिचा कोपरा बंद करायचा आणि तिथंच मोरी बांधायची. कमोड, नळ, धरायला दांडा. अंथरुणातून उठायचं, भिंत धरून चार पावलं टाकायची, झालं. गवंडी म्हणाला, आठवडाभरात उरकतो. वाडीत कोणी एवढ्याशा कामाला परवानगी घेतलेली माझ्या तरी ऐकण्यात नाही. पण आमचे हे नोकरीभर कंपनीच्या टाइम ऑफिसात बसलेले. जगात जे काही होतं ते अर्ज केल्याने होतं यावर त्यांची श्रद्धा. "आपण रीतसर करू," म्हणाले. शेजारी हसले. मीही हसले. त्यांनी मात्र कोरा कागद घेतला, समास सोडला, आणि मोत्यासारख्या अक्षरात विषय लिहिला: राहत्या घराच्या पडवीलगत मोरी बांधण्यास परवानगी मिळणेबाबत.

"अहो, संडास लिहा की सरळ."

"काहीतरीच काय! साहेब डबा खाताना वाचत असले तर?"

साहेबांच्या घासाची एवढी काळजी त्यांच्या बायकोनेही कधी केली नसेल.

सरकारी काम, सहा महिने थांब, असं म्हणतात. आम्ही थांबलो. ग्रामपंचायतीने अर्ज तालुक्याला पाठवला, तालुक्याने आणखी कुठे पाठवला देव जाणे. शेवटी एके दिवशी मोटारसायकलवरून एक इंजिनिअर आला. हेल्मेट, फीत, पाठीला पिशवी. नुकताच माणगावकडून बदलून आलेला, स्वभावाने गरीब. अंगणात उभा राहून त्याने चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलं, "रस्ता कुठून जातो?"

हे म्हणाले, "रस्ता कशाला? आतूनच जायचं."

"बरं. मोरी पाइपची पाहिजे का स्लॅबची?"

"लाद्यांची," हे म्हणाले. "पांढऱ्या."

इंजिनिअरने ते लिहून घेतलं. मग विचारलं, "वर्दळ किती असते?"

आमच्या ह्यांचे कान लाल झाले. खाली बघत म्हणाले, "सकाळी जरा जास्त."

"आणि जड वाहनं?"

तेवढ्यात आतून आईंचा आवाज आला, "मीच जाणार हाय! दुसरं कोण न्हाय!"

मी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले. हसून हसून पोटात दुखायला लागलं. पाणी घेऊन बाहेर आले तेव्हा कुठे उलगडा झाला. सरकारच्या भाषेत मोरी म्हणजे रस्त्याखालून पावसाचं पाणी जावं म्हणून बांधतात तो छोटा पूल. आमचा अर्ज त्या खात्यात जाऊन पडला होता. इंजिनिअर बिचारा ओशाळला. चहा प्यायला आणि जाताना अर्जावर शेरा मारून गेला: सदर ठिकाणी मोरीची आवश्यकता आढळून येत नाही.

घ्या! ऐंशी पार केलेली बाई, खुब्यात सळई, बाहेर शेवाळ, आणि आवश्यकता नाही. बरं, शौचालय असं लिहिलं असतं तर? हार घेऊन आले असते हो. आईंना कमोडशेजारी उभं करून फोटो काढला असता आणि पंचायतीच्या भिंतीवर लावला असता. एका शब्दाने घात केला.

शब्द कसे वापरावेत ते आमच्या शेजारी शिकावं. शेजारी म्हणजे सुरूच्या बनाला लागून असलेला बंगला. मुंबईची माणसं, शनिवारी येतात, रविवारी जातात. त्यांच्याकडे निळ्या लाद्यांचा पोहायचा तलाव आहे. कागदावर ते शेततळं आहे. बंगला हे शेतघर आहे. गच्चीवर रंगीत दिवे लावून जी गाणी वाजतात तीही कुठल्या तरी पिकासाठीच असणार. आम्ही आपले मोरीला मोरी म्हणणारे अडाणी.

नवा अर्ज करून पुन्हा थांबायला आईंना वेळ नव्हता. पाऊस तोंडावर आला होता. मी ह्यांना म्हटलं, "तुमचा अर्ज राहू दे तिकडे, मी गवंड्याला बोलावते." गवंडी शब्दाला जागला. आठवड्यात मोरी उभी.

पहिल्या दिवशी आई आत गेल्या त्या बाहेर येईनात. मी घाबरून दार वाजवलं. "काय गो, सुखानं बसू पन देशील का न्हाय?" आतून गर्जना. नळ सोडायच्या, बंद करायच्या, पुन्हा सोडायच्या. दुपारी शेजारच्या बायकांना बोलावून त्यांनी कमोड दाखवला, दांडा धरून उठून दाखवलं, बसून दाखवलं. नव्या सुनेचे दागिने दाखवावेत तसं चाललं होतं. पडल्यापासून त्या माणसांत अशा हसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू!

आणि मग नोटीस आली.

आमच्या मोरीवर कोणाची नजर गेली, माहीत नाही. तालुक्याहून कारकून आला, दाराला कागद चिकटवला, आणि कर्तव्याला जागून ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचला. भरती रेषेपासून ठरलेल्या अंतराच्या आत, उघडी पडवी बंद करून केलेलं नवीन अनधिकृत बांधकाम स्वतःहून काढून टाकावे, अन्यथा. अन्यथा काय, असं विचारलं तर त्याने घसा साफ करून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ही भरती रेषा म्हणजे समुद्राचं पाणी कुठपर्यंत चढतं ती रेघ. बंगल्याच्या कंपाउंडची भिंत या रेघेवर उभी आहे, लाटा तिला धडका देतात. पण ती काय, शेततळ्याची भिंत! चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ते काय उगाच म्हणतात?

आई खिडकीशी बसून ऐकत होत्या. "अनधिकृत म्हंजे काय गो?"

मी म्हटलं, "काही नाही आई, एक कागद राहिलाय."

पण कारकून मदतीला तत्पर. "म्हणजे अतिक्रमण, आजी. आपली नाही ती जागा बळकावली, असं."

आईंचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

बाजार ज्याने पाहिला नाही त्याला हे कळणार नाही. मासळी बाजारात प्रत्येकीची जागा ठरलेली असते. त्यावर नाव नसतं, पावती नसते. आईने बसायचं, मग मुलीने नाहीतर सुनेने. एखादी आजारी पडून महिनाभर आली नाही तरी तिची जागा रिकामी राहते. ती नाही असं बघून तिथं आपली मासळीची पाटी मांडणारीला ज्या शिव्या मिळतात त्या मी इथं लिहू शकत नाही. आईंनी त्या शिव्या आयुष्यभर इतरांना घातल्या होत्या. आता त्या त्यांच्याकडे परत आल्या, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठीचा आवाज आला म्हणून बघते तर आई मागच्या दाराने अंगणात उतरत होत्या. बाहेर पाऊस लागलेला.

"आई! कुठं निघालात?"

"मोरीत."

"मोरी आत आहे ना!"

"ती आपली न्हाय. बळकावलेल्या जागेत मी बसाची न्हाय."

मी समजावलं. ह्यांनी समजावलं. गवंडी येऊन रडकुंडीला आला. आई ढिम्म. मी शेवाळावर गोणपाट अंथरले, ते दुसऱ्या पावसात वाहून गेले. मग रोज सकाळी मी त्यांना धरून नेते, एका हातात छत्री, एका हातात आई, आणि जिवात जीव नसतो माझ्या. आतली पांढरी मोरी कोरडी ठणठणीत.

माझं डोकं फिरलं. मी थेट तालुक्याच्या कचेरीत गेले. साहेब बोलायला फार गोड. नोटिशीची प्रत बघून हसलेच.

"अहो ताई, एवढ्यासाठी आलात? आम्ही काय आजींची मोरी पाडणार आहोत का? वरून यादी येते, नोटीस काढावी लागते. तुम्ही खुशाल वापरा."

"मग तसं लिहून द्या."

"काय?"

"खुशाल वापरा, असं."

"ते कसं लिहून देता येईल? नियमात बसत नाही."

"मग पाडा."

"छे छे, पाडायचं कशाला?"

"म्हणजे ती चूक आहे का बरोबर?"

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. "ताई, सगळ्याच गोष्टी अशा विचारायच्या नसतात."

अरे व्वा! पाडत नाहीत, परवानगी देत नाहीत, आणि विचारायचंही नाही. मी म्हटलं, "लिहू नका, पण एकदा घरी येऊन आईंना तोंडाने सांगा. तुमचं त्या ऐकतील. त्यांना साहेब म्हणजे साहेब." मी अगदी हात जोडले. जोडावे लागले.

आले हो. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता. बंगल्यावर काहीतरी पाहणी होती, ती आटोपून, तिकडचं सरबत पिऊन, आमच्याकडे आले. आई खुर्चीत बसल्या होत्या. साहेब आले म्हणून डोक्यावर पदर घेतला. साहेबांनी खाली वाकून, मोठ्याने, प्रेमाने सांगितलं, "आजी, मोरी वापरा बिनधास्त. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. आम्ही तिकडे बघणारच नाही."

मी देवाचे आभार मानले. सुटलो एकदाचे.

आईंनी साहेबांकडे नीट निरखून पाहिलं. मग सावकाश म्हणाल्या, "तुमी बघणार न्हाय, म्हनून मी बसू? मग तर ती चोरीच झाली की, बाबा."

ह्यांनी साहेबांना चहा विचारला, ते नको म्हणाले आणि गाडीत बसून गेले.

मोरी अजून उभी आहे. कोणी पाडायला आलं नाही, कोणी येणारही नाही. ह्यांनी पुन्हा अर्ज केलाय, या वेळी शौचालय असा शब्द घालून, आणि थांबलेत. मला खरं सांगायचं तर साहेबाचा राग कधीच येऊन गेला. आता येतो तो आईंचा. या किनाऱ्यावर शेततळ्यात पोहणाऱ्यांना लाज नाही, यादी पाठवणाऱ्यांना नाही, तिकडे न बघणाऱ्यांना नाही. मग अख्ख्या तालुक्याची लाज या एका म्हातारीनेच का म्हणून उचलायची? हे मी त्यांना तोंडावर बोलले आहे. त्या म्हणाल्या, "वरडू नको, लोक ऐकतील."

परवा सकाळी झड फार होती. अर्ध्या अंगणात त्यांचा पाय सटकला. मी छत्री टाकून दोन्ही हातांनी त्यांना धरलं आणि तशीच घट्ट धरून उभी राहिले. त्यांचं काळीज धडधडताना माझ्या हाताला कळत होतं. मला रडूच फुटलं.

"आई, पाया पडते तुमच्या. आत चला. आपल्या मोरीत चला."

त्यांनी पडवीच्या बंद कोपऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता येतात.

"कागद आला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग चल पुढं," म्हणाल्या, आणि काठी शेवाळावर टेकवली.