मातीनं विझवलेला कोळसा

मंद आचेवर मांस शिजवायचं असेल तर आधी कोळसा निवडतात, मग बकरा. हे मला यवतमाळातल्या एका बावर्च्यानं शिकवलं. गावात सगळे त्याला चाचा म्हणत. वलीम्याच्या, म्हणजे निकाहानंतरच्या दावतीच्या, जेवणासाठी तो बकऱ्याची मागची अख्खी तंगडी झाकणाच्या लोखंडी पिंपात सहा-सात तास ठेवायचा. पिंपात ज्वाळ दिसली की कामगाराला शिवी पडायची. ज्वाळ म्हणजे कोळसा निवडताना झालेली चूक, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याची निवड पाहण्यासारखी होती. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचा. चांगला कोळसा खणखणतो, कच्चा नुसता थपकन वाजतो. मग तुकडा मोडायचा. आत तपकिरी रेघ दिसली तर लाकूड पुरतं जळालेलं नाही, ते धूर करणार. साल चिकटलेली असेल तर तडतडणार. सागाचा कोळसा हलका, तासाभरात राख. बाभळीचा जड, सावकाश जळतो आणि राख पांढरी सोडतो. तुकडे मुठीएवढे हवेत, चुऱ्यानं हवा कोंडते. सगळ्यात शेवटी तो तुकडा जिभेच्या टोकाला लावायचा. कोरडा कोळसा जिभेला किंचित चिकटतो. ओला चिकटत नाही.

बहुतेक भट्टीवाले कोळसा पाण्यानं विझवतात. त्याच दिवशी पोती भरता येतात आणि वजनही वाढतं. चाचाला चालायचा तो मातीनं विझवलेला कोळसा, आणि तो एकाच बाईकडं मिळायचा. नेरच्या पलीकडं एका बंजारा तांड्यात तिचं शेत होतं. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळी तोडून ती खड्ड्यात रचायची, वरून मातीनं लिंपायची आणि भट्टीशेजारी बसून राहायची. मातीला तडा गेला की तिथं ओंजळभर माती. चौथ्या दिवशी उघडायची. पाण्याचा थेंब नाही.

तिच्या पोत्याची खूण म्हणजे तोंडाची शिवण. अंबाडीच्या दोरीनं दोन टाके सरळ, एक आडवा, आणि शेवटी एक चपटी गाठ. तांड्यातल्या दुसऱ्या कुणाला ती जमत नाही, असं ती सांगायची. चाचा त्या शिवणीवर हात फिरवायचा आणि माल उतरवून घ्यायचा.

चाचाच्या घराण्यात एक रिवाज होता. हंगामाचा माल घेण्याआधी एक पोतं उघडायचं, त्यातल्या कोळशावर मांसाचा तुकडा भाजायचा आणि पहिली बोटी कोळसा पाडणाऱ्याला द्यायची. ती बोटी खाल्ली की लग्नसराई संपेपर्यंतचा सगळा कोळसा त्याचा. तो मान बरीच वर्षं त्या बाईकडं होता. तिच्या घराचं वर्षभराचं तेल-मीठ त्या एका बोटीवर ठरायचं.

त्या वर्षी चाचाच्या गोदामाचं छत गळत होतं. माझं घर लोहाऱ्याच्या बाजूला, आवारात कोरडी टिनाची शेड. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मला दोन वर्षं झाली होती. सोळा पोती माझ्याकडं आली आणि चावीही माझ्याकडं राहिली.

पोती उतरवताना एकाचं तोंड उसवलं. बाईनं कनवटीला खोचलेलं दाभण काढलं. मी नीट पाहतोय हे पाहून तिनं ते माझ्या हातात दिलं.

"घ्या भाऊ, शिवा. पेपरात काय दुसरं करत होते? इकडचं तिकडं जोडतच होते ना?"

सोबत आलेली तिची मुलगी हसली. मी दोन वेळा चुकलो, तिसऱ्यांदा जमलं.

"आता दोघायले येते," बाई म्हणाली. "मले अन् तुम्हाले."

पुढच्या रविवारी नागपूरहून माझा भाचा मित्रांना घेऊन आला. त्यानं झाकणाचं बार्बेक्यू विकत घेतलं होतं. पाहुण्यांसमोर मी कोळशावर बोललो, तुकडे वाजवून दाखवले आणि चाचाचं एक पोतं उघडलं. मांस उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी मी जवळच्या भंगारवाल्याकडून कोळसा आणला. खोक्यांच्या फळ्या, प्लायवूड आणि रंग लावलेलं फर्निचर जाळून केलेला माल होता तो. पोत्याच्या तळाशी तो भरला, उरलेली बाभूळ वर पसरली, तोंड शिवलं आणि पोतं सगळ्यात मागं ठेवलं. चाचा सोळातलं एकच पोतं उघडतो, ते दाराजवळचं असेल, असा माझा अंदाज होता.

बोटीच्या दिवशी सकाळी चाचा दोन कामगारांसह आला. बाई आणि मुलगी आधीच येऊन बसल्या होत्या. बाईनं नवं लुगडं नेसलं होतं. चहा झाला.

"मागचं काढ," चाचा कामगाराला म्हणाला. "पुढचं पोतं तर चोराचं बी चांगलंच राह्यते."

पोतं फोडलं. चाचानं हात कोपरापर्यंत खाली घातला आणि तळाचे तुकडे काढले. आपटले, वाजले नाहीत. जिभेला लावला आणि थुंकला. तरीही त्यानं शेगडी पेटवायला लावली. पिवळा धूर निघाला. शेडमध्ये व्हार्निशचा वास पसरला.

"बुढे, हे काय आणलं?"

"हे माझं नाही," बाई म्हणाली. "माझी बाभूळ हाये."

"पोतं कोणाचं?"

"माझं."

"अन् शिवण?"

तिनं पोत्याचं कापलेलं तोंड उचललं. टाके पाहिले. गाठ पाहिली आणि अंगठ्यानं फिरवून पुन्हा पाहिली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडाकडं नाही, चहाच्या कपाकडं. मी डावखुरा आहे. कप डाव्या हातात होता.

"साहेब," चाचा मला म्हणाला, "चावी तुमच्यापाशी होती. कोणी हात लावला का?"

"नाही," मी म्हणालो.

बातमी असती तर या उत्तराला आम्ही दुसऱ्या माणसाचा दुजोरा मागितला असता. इथं कुणी मागितला नाही.

"सांग मंग," चाचा तिला म्हणाला. "शिवण तुझी का दुसऱ्याची? दुसऱ्याले येत असंन, तर इतके वर्षं मी कायच्या भरोशावर माल घेतला?"

शिवण दुसऱ्याची म्हणावी तर तिची खूणच खोटी ठरत होती. माझं नाव घ्यावं तर समोर माझं 'नाही' उभं होतं.

"माझीच हाये," ती म्हणाली.

"तं मंग खा. रिवाज तं रिवाज हाये."

तुकडा शेगडीवर ठेवला. तो काळा पडला आणि त्याच्यावर चिकट थर आला. कामगारानं तो पळसाच्या पानावर ठेवून तिच्यापुढं सरकवला.

"मावशी, लिंबू पिळू का?" तो म्हणाला. दुसरा कामगार हसला.

"चावून खा," चाचा म्हणाला. "पाचशे पाहुण्यायले हेच वाढणार होतो मी. त्यायची अब्रू गेली असती, माझी गेली असती. तू एकली खाऊन राह्यली, स्वस्तात सुटली."

"याडी," मुलगी म्हणाली. त्यांच्या बोलीत आईला तेवढंच म्हणतात. बाईनं तिच्याकडं पाहिलं नाही. बोटी तोंडात घातली. बराच वेळ चावली. गिळताना मान पुढं गेली. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. मग तिनं पाणी मागितलं.

"पाणी?" चाचा म्हणाला. "तू तं पाणी वापरतच नाही ना?"

या वेळी दोघंही कामगार हसले. मीही ओठ हलवले. पाण्याचा माठ माझ्यामागं हातभर अंतरावर होता.

उरलेली पंधरा पोती चाचानं उघडलीही नाहीत. मालवाहू ऑटोत घालून परत पाठवली. पुढं कळलं की ती नेरच्या इस्त्रीवाल्यांनी मातीमोल भावानं घेतली. चाचानं बाहेरून कोळसा मागवला. पहिल्या वलीम्याला मी जेवायला होतो. मांस जरा कडसर होतं. पाहुण्यांना समजलं नाही. चाचानं एक घास घेतला, ताट बाजूला सारलं आणि मला म्हणाला, "बाभूळ नाही ना साहेब हे." मी मान हलवली. त्याला मी काही सांगितलं नाही, आजपर्यंत.

महिनाभरानं बाई एकटीच आली. फोडलेलं पोतं मागितलं. ते शेडमध्येच पडलं होतं, रिकामं. तिनं ते उंबऱ्यावर पसरलं, कनवटीचं दाभण काढलं, दोरी ओवली आणि दोन्ही माझ्यापुढं धरलं.

"शिवा."

मी शिवलं. दोन सरळ, एक आडवा, गाठ. ती वाकून पाहत होती.

"गाठ उलटी पडते तुमची. डाव्या हातानं वरून घेता. खालून घ्या."

तिनं गाठ सोडवली. मी पुन्हा मारली, या वेळी खालून. तिनं अंगठ्यानं ती फिरवून पाहिली, दोन्ही बाजूंनी.

"आता मले बी ओळखू येणार नाही," ती म्हणाली.

मी दाभण परत दिलं. तिनं घेतलं नाही.

"राहू द्या. यंदा भट्टी नाही लावून राह्यलो आम्ही."

पोतंही तिथंच सोडून ती बसस्टँडकडं निघाली. मी पाणी विचारलं. ती थांबली नाही.