प्रज्ञाचा रिपोर्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गावीच असायची, गेल्या वर्षी वारली, तिलाही नाही. मुलाला नाही. वाचणारे तुम्ही परके, म्हणून सांगवतंय का? असेल. शिक्षण माझं तिसरी. हात मिलच्या रिंग खात्यात, सूत कातायच्या यंत्रांवर चालले, कागदावर कधी चालले नाहीत. वाकडंतिकडं वाटलं तर वाटू दे.

आधी माझ्या सुनेबद्दल लिहितो. प्रज्ञा. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत लग्न होऊन आली तेव्हा मी तोंडावर म्हटलं होतं, "बँकेतली नोकरी बँकेत. इथे माझं चालतं."

"चालू दे की बाबा. आधी चहा घ्या, गार होतोय."

अशी बाई. कधी आवाज चढवला नाही, कधी मागेही सरली नाही. पोटात बाळ घेऊन कामाला जायची, आल्यावर माझं बिनमिठाचं वेगळं रांधायची. मी कधी शाबास म्हटलं? मनात म्हणायचो. मनातलं कुणाला ऐकू जातं?

सहावा महिना सरत आला आणि तिला लघवीला जळजळ सुरू झाली. अंगात कणकण. तिनं लगेच दवाखान्यात तपासायला दिलं — हे लक्षात ठेवा, लगेच. रिपोर्ट दोन दिवसांनी मिळणार होता. तिला रजा नाही, मिलिंदची, माझ्या मुलाची, दिवसपाळी. मीच म्हटलं, मी आणतो.

गेलो. तासभर रांगेत उभा राहिलो. नंबर आला तर खिडकीतली बाई म्हणते, "आजोबा, इथे केसपेपर. रिपोर्ट तीन नंबरला. एवढी मोठी पाटी लावलीय, वाचता येत नाही?"

मागून कुणीतरी म्हणालं, "काकांचा चष्मा घरी राहिला वाटतं!"

रांग हसली. तसं वाईट नव्हतं ते हसणं. पण मला — संपात मिलच्या गेटसभेत हजार माणसांसमोर बोललेल्या मला — ते झोंबलं. तीन नंबरची खिडकी दहा पावलांवर होती. मी वळलो आणि सरळ घरी आलो.

संध्याकाळी तिनं विचारलं. काय सांगणार होतो? म्हटलं, "विचारलं मी. सगळं नॉर्मल आहे. कागद ते डॉक्टरांच्या फायलीला लावतात."

"बरं झालं बाबा," म्हणाली. दिवसभर लोकांच्या सह्या तपासणारी बाई — माझ्या नुसत्या शब्दावर थांबली. मी तिला धन्याजिऱ्याचं पाणी करून दिलं. उद्या जाऊन आणू, असं रोज ठरवायचो. गेलो का? नाही.

मी खोटं बोललो त्यानंतर बाराव्या दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या. सातव्या महिन्यात मुलगी झाली. सव्वा किलोची. काचेच्या पेटीत, नाकात नळी, बोटं अगदी काडीसारखी. डॉक्टरीणबाईंनी जुना रिपोर्ट शोधून काढला. इन्फेक्शन होतं. त्या म्हणाल्या, वेळेवर औषध मिळालं नाही तर आत सूज चढते, आणि त्या सुजेनं दिवस भरायच्या आधी कळा येऊ शकतात. त्यामुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, असंही म्हणाल्या. त्या वाक्याआड मी लपणार नाही.

मग त्यांनी विचारलं, "रिपोर्ट दाखवला का नाहीत? गोळ्या सुरू केल्या असत्या."

मी पलंगाशीच उभा होतो. प्रज्ञा म्हणाली, "माझंच चुकलं डॉक्टर. नॉर्मल आहे असं धरून बसले. स्वतः बघायला हवा होता." माझं नाव घेतलं नाही. त्या गेल्यावर वर मलाच म्हणते, "तिथल्यांनी तुम्हाला चुकीचं सांगितलं असणार. तुम्ही मनाला लावून घेऊ नका बाबा."

बोलायची वेळ तीच होती, नाही का? मी थर्मासचं झाकण फिरवत राहिलो.

पाच आठवडे ती बाई खुर्चीत बसून होती, पोराला अंगाची ऊब मिळावी म्हणून उघड्या छातीशी बांधून. पाठ भरून यायची, पाय सुजायचे. नर्स म्हणायची, जरा पड गं. ही म्हणायची, "हिचं वजन वाढू दे, मग पडते." मी संपात उपाशी राहिलेली माणसं पाहिलीत. असा दम पाहिला नाही. मिलिंद रडायचा, त्यालाही तीच धीर द्यायची.

नात आता पाच वर्षांची आहे. जाड भिंगांचा चष्मा आहे, पण गॅलरीत अशी धावते की शेजारी ओरडतात.

आणि प्रज्ञा — चाळीत कुणाला दिवस गेले की तिला घरी बोलावते. परवाही पलीकडच्या खोलीतली सून आली होती. "रिपोर्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघ गं. मी आळस केला, माझ्या पोरीनं भोगलं." दर वेळी हेच सांगते. पाच वर्षं मी दाराशी बसून ते ऐकतोय. खोकतोसुद्धा नाही.

तिनं आळस केला नव्हता. तिनं वेळेवर तपासलं होतं, वेळेवर विचारलंही होतं. खोटं मी बोललो, आणि पलंगाशी गप्पही मीच राहिलो. प्रज्ञाचं काहीही चुकलं नव्हतं.