दामूचं जस्त

दामू गेल्याचं मला बांधावरच कळलं. मी मेथीच्या जुड्या बांधत होतो. त्याची सून संगीता पलीकडून आली आणि म्हणाली, "अण्णा, नाना गेले." आदल्या दिवशीच मी त्याच्या खाटेशी बसून आलो होतो. त्यानं विचारलं होतं, "शेडमागच्या तुकड्यातली मेथी हिरवी झाली का रं?" मी म्हणालो, "अर्धी." तर म्हणतो कसा, "मग मी बी अर्धाच मरतो." ...शब्द पाळला नाही गड्यानं.

पेठ रोडला आमची रानं शेजारी, मधे एक बांध. नव्वदीच्या सुमारास दामूनं पत्र्याची शेड टाकली आणि अंड्याच्या कोंबड्या आणल्या. त्यांची सगळी विष्ठा तो शेडमागच्या तुकड्यात ओतायचा. तुकडा जवळ होता आणि दामू आळशी होता, दुसरं कारण नाही. पहिली काही वर्षं मेथी अशी माजली की नाशिकच्या बाजारात व्यापारी आधी त्याची गाडी अडवायचे. मग हा बांधावर उभा राहून मला शिकवायचा, "सोम्या, शेण सोड, कोंबडी धर." मी म्हणायचो, "माझ्या गायी गवत खातात. तुझ्या कोंबड्या मेडिकल खातात." मी चौथी शिकलेला माणूस, पण बोललो ते खरं ठरलं. कारण पुढं पुढं त्याची मेथी खुरटी यायला लागली, कोवळा पाला पिवळाधमक. दामू म्हणाला, "भूक लागलीय तिला," आणि अजून विष्ठा ओतली. ती अजून पिवळी पडली.

शेवटी त्यानं माती तपासायला दिली. मला खाली बघायला लावायचं म्हणून माझ्याही रानातली दिली. माती तपासणारे साहेब समजवायला आले, शेडच्या उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "नाना, कोंबडीच्या खाद्यात जस्त घालतात. ती त्यातलं थोडंच घेते, बाकीचं खाली पडतं. युरिया पाण्याबरोबर निघून जातो, जस्त मातीला धरून बसतं. तुमच्या तुकड्यात ते साठत गेलंय."

"मग काढू कसं?"

"काढता येत नाही. हे खत बंद करा, शेणखत घाला, जस्ताचा जोर कमी होईल. पण वर्षं जातील."

मी मोठ्यानं हसलो. साहेब माझ्याकडं वळले, "अण्णा, तुमच्या चुनखडीच्या पट्ट्यात मात्र जस्त कमी पडतंय." मग दामू हसला, ते पार खोकला लागेपर्यंत.

आता उपाय वासरालाही कळेल असा. त्याची विष्ठा माझ्यात, माझं शेण त्याच्यात. पण मागायचं कुणी? आमच्याकडं उकिरडा म्हणजे लक्ष्मी, दिवाळीत त्याच्यावर पणती ठेवतात. ती दुसऱ्याच्या दारात मागायला मी काय मेलो होतो? मी माझा मार्ग काढला. जस्त म्हणजे बादलीला असतं तेच ना? घरातली जुनी जस्ती बादली मी शेणाच्या खड्ड्यात पुरली. विचार चुकीचा नव्हता, त्याला वेळ लागतो एवढंच. दामू रोज बांधावर येऊन विचारायचा, "सोम्या, बादलीला कोंब फुटला का?" आणि हा शहाणा स्वतः काय करत होता? जस्त धुऊन काढायला तुकड्यात पाणी तुंबवत होता. मी म्हणायचो, "दामू, मेथी टाकलीस का भात लावलास?"

हे असंच चाललं असतं, पण दिवाळीच्या पाडव्याला आमच्या बायकांनी डाव टाकला. माझी बायको पणती घेऊन दामूच्या ढिगावर गेली, त्याची बायको माझ्या उकिरड्यावर आली. आणि दोघी म्हणाल्या, "जिचा दिवा, तिची लक्ष्मी. आता ज्याची त्यानं घरी आणा." लक्ष्मीपुढं काय बोलणार? दुसऱ्या दिवशी दोन गाड्या बांधावर समोरासमोर आल्या. आम्ही एकमेकांकडं पाहिलंसुद्धा नाही, बैलांनी पाहिलं.

चुनखडीच्या पट्ट्यातला माझा फ्लॉवर त्याच साली सुधारला. मी म्हणालो, "बादलीचा गुण." दामू काठी घेऊन धावला. त्याच्या तुकड्याला मात्र वेळ लागला. हिरवा रंग बांधाकडून दरसाल थोडाथोडा शेडकडं सरकायचा. दामू काठीनं मातीत रेघ मारून ठेवायचा आणि पुढच्या साली बघायचा. शेडच्या भिंतीपर्यंत हिरवं झालेलं त्याला बघायचं होतं... तेवढं राहिलं.

दामू गेल्यावर महिन्याभरानं संगीता म्हणाली, "अण्णा, शेडकडच्या त्या पिवळ्या भागात झेंडू लावू का?"

"मेथीच टाक."

"कुणी घेत नाय ती बाजारात."

"मी घेतो."

आता त्या भागातली जुडी रोज माझ्या घरी येते. बायको निवडायला बसली की कुरकुरते, "ही कसली वाळकी भाजी आणता?" मी म्हणतो, "गुमान शिजव. दामूची हाय."