नेपाळची तयारी

वडवणीच्या पेठेत मल्लिनाथचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, पत्रे, विळे, विहिरीवरचे दोर, असला माल. माणूस इतका जपून वागणारा की एसटीत बसायचा तर मधलीच सीट धरायचा. पुढून गाडी धडकली तर पुढचे जातात, मागून धडकली तर मागचे, मधल्याला निदान विचार करायला वेळ मिळतो, असं त्याचं म्हणणं. अशा माणसानं मोटारसायकलवरून थेट नेपाळपर्यंत हिंडायला जायची तयारी सुरू केली, तेव्हा पेठेतल्या लोकांना महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. घरात मात्र कुणी हसलं नाही.

मुळात ही हौस त्याची नव्हतीच. ती त्याच्या धाकट्या भावाची, रुद्रेशची. एक जर्मन जोडपं रस्ता चुकून वडवणीत आलं होतं, भल्या मोठ्या मोटारसायकलवर, अंगावर धुळीचा थर घेऊन. त्यांचं चाक पंक्चर झालं होतं. रुद्रेश दिवसभर शहादेव मिस्त्रीच्या गॅरेजात रमलेला असायचा; तिथंच त्यानं ते दुरुस्त करून दिलं, त्यांना घरी आणून ज्वारीची भाकरी खाऊ घातली आणि हातवारे करकरून त्यांच्याकडून सगळा प्रवास काढून घेतला. ते नेपाळहून उतरत आले होते. ते गेले, पण खूळ ठेवून गेले.

“दादा, नेपाळला पासपोर्ट लागत न्हाई,” रुद्रेश म्हणाला.

“अक्कल लागती,” मल्लिनाथ म्हणाला.

रुद्रेश ऐकतो कशाला! औरंगाबादहून त्यानं नकाशे आणले. घरात त्याची जुनी येझदी मोटारसायकल होती, तिला नवं कॅरिअर बसवून घेतलं. तेलगाव, माजलगाव, परभणी, नागपूर, जबलपूर, बनारस, गोरखपूर आणि मग सोनौलीची हद्द, हे तो आरतीसारखं म्हणायचा. आईला, गंगासागरबाईला, त्यानं पशुपतिनाथाचं दर्शन सांगितलं, कारण देवाचं नाव काढलं की आई विरघळते हे त्याला पाळण्यापासून ठाऊक. मागच्या सीटवर मात्र त्याला दादाच पाहिजे होता. “तू मागं बसून नुसतं डोळे मिट बे, मी दाखवतो तुला दुनिया.” थोरल्या भावाला ‘बे’ म्हणणारा पेठेत तो एकटाच, आणि मल्लिनाथनं तेवढं त्याला कधी अडवलं नाही.

मग रुद्रेशला कावीळ झाली. त्यानं ती अंगावर काढली, आणि बीडच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. लग्नाचं बघायला सुरुवात व्हायची होती, तेवढ्यात पोरगा गेला.

मल्लिनाथचं घर लिंगायताचं. गळ्यात डबीतून बाळगायचं लिंग हे माणसाचा प्राण, ते अंगावेगळं करायचं नाही, आणि माणूस गेला की त्याला जाळायचं नाही. खड्ड्यात नीट मांडी घालून बसवायचं, त्याच्या तळहातावर त्याचंच लिंग ठेवायचं आणि विभूती, बेलपानं, माती टाकून त्याला त्याच्या लिंगासह देवाकडे सोपवायचं. दवाखान्यात सुया-नळ्यांच्या गडबडीत नर्सनं रुद्रेशच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढून मल्लिनाथच्या हातात दिली होती. ती खिशात ठेवायची कशी, खाली ठेवायची कशी? त्यानं ती आपल्याच गळ्यात, आपल्या डबीशेजारी अडकवली. दोन्ही डब्या एकाच सोनाराच्या, एकाच साच्यातल्या. दुसऱ्या दिवशी रुद्रेशला बसवलं, मठाच्या स्वामींनी “लिंग द्या” म्हणून हात पुढं केला, आणि डोळ्यांत पाणी गच्च भरलेलं असताना मल्लिनाथनं हाताला लागली ती डबी काढून दिली.

चूक त्याला घरी रोजच्या लिंगपूजेच्या वेळी कळली. डबी उघडायला गेला तर रोज कुरकुरणारी बिजागरी अलगद उघडली. बिजागरीत काळं ग्रीस होतं. लोखंडाच्या दुकानात गंज असतो, ग्रीस नसतं. म्हणजे आपला प्राण मातीखाली भावाच्या तळहातावर बसलाय, आणि भावाचा प्राण इथं, सदऱ्याच्या आत, छातीला लागून. त्यानं डबी बंद केली, कपाळाला लावली आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

पुढं जे झालं त्याला कुणी दुःख म्हणा, कुणी भास म्हणा. घडलं ते असं. गल्ल्यावर बसलेला असताना त्याचा डावा पाय आपोआप हलायला लागला, गिअर टाकल्यासारखा. कधी तोंडातून शीळही न काढलेला माणूस खिळे मोजता मोजता शीळ घालायला लागला. गोड त्याला सोसायचं नाही, पण आईनं एकदा चुकून रुद्रेशला लागायची तेवढी साखर घातलेला चहा दिला आणि त्यानं तो मिटक्या मारत संपवला. त्या दिवसापासून आई तसाच चहा द्यायला लागली.

आणि मग येझदी. ती ओसरीखाली पोत्यात गुंडाळून ठेवलेली. मल्लिनाथनं जन्मात मोटारसायकल चालवली नव्हती. शहादेवला बोलावून त्यानं ती पुसून काढली, पेट्रोल-ऑइल भरलं आणि म्हणाला, “शिकव मला.” शहादेवनं क्लच दाखवला, गिअर दाखवले, मागून धरायला म्हणून दोन्ही हात पुढं केले. मल्लिनाथ किक मारून बसला आणि कवडगावच्या रस्त्याला लागला. वळणावर डावा गुडघा बाहेर काढून गाडी झोकली आणि परत आला. शहादेव अजून रस्त्याच्या कडेला उभा होता.

“अप्पा, असं वळण फक्त रुद्रेश घ्यायचा,” तो म्हणाला. “तुमी कधी शिकलात?”

मल्लिनाथला भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. पण त्याहून वाईट म्हणजे त्याला आनंद झाला. त्या वळणावर मागची सीट रिकामी नव्हती असं त्याला आतून पक्कं वाटलं. की आपणच मागं होतो आणि पुढं तो? हे काही त्याला ठरवता येईना, आणि ठरवायची त्याला घाईही नव्हती.

मग तयारीला ऊत आला. रुद्रेशच्या ट्रंकेतले नकाशे बाहेर आले. ते दिवस असे होते की पेठेत रोज काही नवीन उगवायचं. चौकात एसटीडीचं पिवळं खोकं आलं, कापड दुकानदाराच्या गच्चीवर छत्रीसारखी डिश आली, बीडला जपानी बनावटीच्या चकचकीत मोटारसायकली विकायला उभ्या राहिल्या. नवी गाडी घ्या म्हणून लोकांनी मल्लिनाथच्या डोक्याशी कटकट केली. “नव्या गाडीला रस्ता माहीत न्हाई,” तो म्हणायचा, आणि स्वतःच्या बोलण्यावर दचकायचा. एसटीडीवरून गोरखपूरच्या धर्मशाळेला फोन लावायचा. सोनौलीला गाडीचा परवाना कसा मिळतो, पोखऱ्याच्या घाटात पेट्रोल कुठं मिळतं, थंडी कधी पडते, सगळं विचारून ठेवायचा. प्लग, क्लचची तार, ट्यूब, ऑइलचे डबे असं एकेक जमत गेलं. गिऱ्हाईक दारात उभं असायचं आणि हा नकाशावर बोट फिरवत बसलेला असायचा.

हे सगळं त्याची बायको वर्षाराणी बघत होती. ती काही बोलभांड बाई नव्हती. तिचा नवरा कंटाळवाणा होता हे तिला लग्नानंतर लगेच कळलं होतं, आणि त्याच कंटाळवाण्या माणसाला तिनं जीव लावला होता. झोपण्याआधी कड्या-कोयंडे तपासणारा, पोरांना शिंक आली तर सुंठ उगाळणारा, आणि रोज संध्याकाळी दुकानातून आला की पहिल्यांदा “जेवलीस का?” विचारणारा. आता तो संध्याकाळी यायचा तो शीळ घालत, आणि सरळ येझदीपाशी जाऊन बसायचा. जेवलीस का, हे विचारणं त्यानं कधी बंद केलं तेही त्याला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं.

शेवटी तिनंच स्वामींना घरी बोलावलं. त्यांच्यासमोर मल्लिनाथनं सदऱ्याची बटणं काढली, डबी दाखवली आणि झालेली अदलाबदल सांगितली. आई दाराच्या आत बसून ऐकत होती.

“मंग इतके दिस कावून बोलला न्हाईत?” स्वामींनी विचारलं.

मल्लिनाथ सदऱ्याची बटणं लावायला लागला. बोलला असता तर ती डबी गेली असती, हे खरं कारण. ते स्वामींसमोर कसं सांगायचं?

“माती उकरून काय बघायचं न्हाई. झालं ते झालं,” स्वामी म्हणाले. “पण मेलेल्याचं लिंग जित्यानं वागवू नये. त्यानं तुमचा संसार व्हईना आन् त्याची वाट बी मोकळी व्हईना. नवी दीक्षा घ्या, नवं लिंग घ्या.”

“आधी नेपाळ,” मल्लिनाथ म्हणाला. आवाज इतका ठाम की स्वामींनीही मान वर करून बघितलं.

मग स्वामींनीच तोड काढली. जा म्हणाले. पशुपतिनाथाला जा, भावाची हौस भागवा आणि तिथं बागमतीच्या पाण्यात हे लिंग सोडून या. परत आलात की दीक्षा देतो. वर्षाराणीच्या जीवात जीव आला. आजवर नेपाळचं नाव काढलं तरी तोंड फिरवणारी ती बाई दुसऱ्या दिवसापासून तयारीला लागली. स्वेटर विणला. शेंगदाण्याची चटणी कुटली. जाऊ दे एकदाचा, म्हणजे परत येईल, एवढंच तिच्या मनात.

दसरा झाला आणि निघायचा दिवस उजाडला. सकाळी अंगणात येझदी उभी, कॅरिअरला सामान दोरानं आवळून बांधलेलं, हँडलला आईनंच आणलेला झेंडूचा हार. शेजारीपाजारी येऊन गेले. पेठेतले चार जण थट्टा करायला आले होते, पण सामान बघून तेच दोराच्या गाठी तपासायला लागले. मल्लिनाथ सीटवर बसला. किक मारली. गाडी पहिल्या किकेला सुरू झाली. वर्षाराणी उंबऱ्यात धपाट्यांचा डबा घेऊन उभी होती.

तेवढ्यात आई पायऱ्या उतरून आली आणि तिनं हँडल धरलं.

“मल्लू, गाडी बंद कर.”

“काय राह्यलं का, आई?”

“तिथं पोचल्यावर त्याला पान्यात सोडशील तू.”

“स्वामींनीच सांगितलंय.”

“स्वामींचं काय जातंय? त्यांचं लेकरू न्हाई त्यात.” तिचा आवाज चढला नव्हता, पण हँडल तिनं सोडलं नाही. “त्याची एवढीच एक हौस राह्यलीय बघ. तेवढ्यासाठी थांबलाय त्यो. ती फिटली की कशाला थांबंल? चहा पितोस तवा मी तुझ्या तोंडाकडं बघत बसते. मला म्हाईत हाय कोण पितंय. एकदा घालवलाय मी त्याला. पुन्ना न्हाई घालवायचा.”

मल्लिनाथ तसाच बसून राहिला. इतके दिवस तो भावाला दुनिया दाखवायला निघाला होता. नकाशावर जाण्याचा रस्ता त्यानं शंभर वेळा गिरवला होता, परतीचा एकदाही नाही. आता तो रस्ता त्याला दिसला. गळा रिकामा, मागची सीट रिकामी, वळणावळणाला घाबरत, गाडी हळूहळू हाकत गोरखपूर, जबलपूर, नागपूर करत घरी येणारा एक लोखंडाचा दुकानदार. दार उघडणारी बायको. फिका चहा. वाईट काय होतं त्यात? काहीच नाही. ते त्याचंच आयुष्य होतं. पण ते परत घ्यायचं तर भावाला स्वतःच्या हातानं पाण्यात सोडून यावं लागणार होतं, आणि ते त्याच्यानं होणार नव्हतं.

त्यानं वर्षाराणीकडे बघितलं. तिनं डबा पुढं केला. ‘जा’ असंच ती डोळ्यांनी म्हणत होती.

त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद झालं.

“चेन ढिली वाटती,” तो म्हणाला. “दिवाळी झाल्यावर बघू.”

चेन ढिली नव्हती. शहादेवनं ती आदल्या दिवशीच ताणून दिली होती. तो फाटकाशी उभा होता, त्यानं मान खाली घातली आणि निघून गेला.

आईचा चेहरा उजळला. ती चहा टाकायला आत पळाली, त्या वयात पळालीच म्हणायचं. वर्षाराणीनं डबा पायरीवर ठेवला, अंगणात आली आणि कॅरिअरचा दोर सोडायला लागली. गाठी पक्क्या बसल्या होत्या. मल्लिनाथ म्हणाला, “मी सोडतो.” तिनं त्याला हात लावू दिला नाही. तो ओसरीवर जाऊन बसला, आणि त्याचा डावा पाय हळूहळू हलायला लागला.

सासू कपबशी घेऊन बाहेर आली तेव्हा सामान उतरून झालं होतं.

“तुमचे दोन्ही लेक घरात राह्यले, आत्याबाई,” वर्षाराणी म्हणाली. “माझा नवरा तेवढा गेला.”

आणि दोर नीट गुंडाळून तिनं खुंटीला अडकवला, दिवाळीनंतर पुन्हा लागेल म्हणून.