साबणाचा फेस
फायबर सांधायच्या रेझिनचा उग्र वास आला की मला राजाराम तलावाच्या काठावरची ती दुपार आठवते. माझी शर्यतीची शिडाची होडी मी विकायला काढली होती. फायबरची, पोकळ पोटाची, वाऱ्यावर नुसती उडायची. पण बुडाला गेलेली भेग मी वरवर रंग देऊन झाकली होती. गडहिंग्लजहून लेकीसाठी होडी बघायला आलेल्या गृहस्थांनी रंगाकडे पाहिलंच नाही. त्यांनी सायकलचा पंप मागितला, होडीच्या बंद पोटात बुचाच्या भोकातून हवा भरली आणि पंक्चर शोधतात तसा बुडाला साबणाचा फेस फासला. नेमके नव्या रंगातूनच बुडबुडे आले. मला मान वर करवेना. “पावणं, ह्यात माझी पोरगी बसणार हाय की,” ते म्हणाले. आता चारचौघांत ओरडतील असं वाटलं, पण त्यांनी बाह्या सरसावल्या. “लेका, रेझिन आण. भेग झाकायची न्हाय, भरायची.” संध्याकाळपर्यंत त्यांनी ती माझ्याकडूनच घासून, भरून घेतली. पुन्हा फेस लावला. बुडबुडा आला नाही, तेव्हा होडी टेम्पोत चढली. आभार मानायचं मला तेव्हा सुचलंच नाही. परवा दुसरी होडी विकताना गिऱ्हाईक रंगावरून हात फिरवत होतं. मी आत गेलो आणि सायकलचा पंप आणि साबणाच्या फेसाचा मग घेऊन आलो.