नाक चोंदलं तेव्हा

मुलगी दोन महिन्यांची असताना तिचं नाक पहिल्यांदा चोंदलं. ती दूध ओढायला लागायची, श्वास अडला की सोडून द्यायची आणि भुकेनं रडायची. नवरा कामासाठी सुरतेला गेला होता. माझी आई नाही, सासूबाईही नाहीत. अकोट्याच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझे सासरे. त्यांना मी बाबा म्हणते.

सकाळीच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी गुजरातीत विचारलं, "ताव छे?" ताप नव्हता, श्वास घेताना छातीही ओढत नव्हती. मग म्हणाले, पाजायच्या आधी नाकात सलाइनचे थेंब घाला, थोडं थोडं पाजा. अंग तापलं, श्वास जोरात चालू लागला किंवा दूध घेईनाशी झाली, तर लगेच घेऊन या. दुसरं काही नाकात घालू नका. फोन स्पीकरवर होता. बाबांनी सगळं ऐकलं आणि पायात चपला सरकवून थेंब आणायला गेले.

ते परतेपर्यंत त्यांच्या थोरल्या बहीण, आमच्या आत्याबाई, करजणहून बाळाला बघायला आल्या होत्या. आत्याबाईंनी पोरीचं घुरघुरणं ऐकलं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन वाटीत राईचं तेल कोमट करत ठेवलं.

"दोन थेंब नाकात सोडले की मोकळं होतं. आम्ही पोरं अशीच वाढवली."

मला नाही म्हणायचा धीर होईना. बाबांना लहानपणी आत्याबाईंनीच सांभाळलेलं, त्यामुळे बाबा त्यांच्या शब्दाबाहेर नसत. पण त्या वाटी घेऊन आल्या तसे बाबा पुढे झाले.

"अक्का, नाकात तेल नको. श्वासाबरोबर छातीत गेलं तर पोरीला जड जाईल."

"आता तू मला शिकवणार?"

"नाही गं. डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून सांगतोय. एवढं ऐक माझं."

आत्याबाई वाटी खाली ठेवून सोफ्यावर जाऊन बसल्या. मी मुलीला धरलं, बाबांनी थेंब घातले. ती शिंकली, चिडून रडली. थोड्या वेळानं छातीशी घेतलं तर न थांबता प्यायला लागली.

पिऊन झाल्यावर तिला उभं धरायचं होतं. सिझेरियननंतर माझी पाठ फार दुखायची. कुणी काही म्हणायच्या आत आत्याबाई उठल्या. "दे इकडे, तू जरा पड," म्हणाल्या. पोरीला खांद्याशी धरून त्या गॅलरीत फेऱ्या घालू लागल्या. मी आत जाऊन आडवी झाले आणि चक्क झोपले.

नाक पूर्ण मोकळं होईपर्यंत आत्याबाई करजणला गेल्या नाहीत. पाजायची वेळ झाली की त्याच हाक मारायच्या, "अरे, थेंब आण." त्या दिवसांत मला आईची आठवण खूप आली, पण एकटं असं वाटलं नाही. त्या दोघांचे उपकार कधी बोलून दाखवले नाहीत. म्हणून हे लिहितेय.