ओट्याची उंची

आमच्या अमरावतीच्या घराचं काम करणारा मिस्त्री कुणाच्या नुसत्या शब्दावर थापी उचलत नाही. कोना म्हणजे दोन भिंती मिळतात ती जागा, कोनाडा म्हणजे भिंतीत दिव्यासाठी सोडलेली. छत डोक्यावरचं, छज्जा खिडकीवरचा. हे सगळं तो खर्रा चघळत मास्तरासारखं समजावतो आणि तरीही म्हणतो, "तोंडानं नका सांगू. हात ठेवून दाखवा."

आपण हात ठेवू तिथं तो गेरूची खूण करतो.

स्वयंपाकघराचा ओटा बांधताना मी त्याला नकाशातलं माप वाचून दाखवलं. त्यानं ते शांतपणे ऐकलं आणि माझ्या बायकोला भिंतीपाशी उभं केलं. "ताई, पोळी लाटता तसा हात धरा." तिच्या तळहाताखाली त्यानं रेघ मारली. ती नकाशातल्या मापापेक्षा चार बोटं खाली आली.

"पोळ्या कोन लाटते, ताई का कागद?" तो म्हणाला. ओटा रेघेवरच झाला. जुन्या ओट्यावर दुखायचे ते बायकोचे खांदे आता दुखत नाहीत.

परवा बडनेऱ्याला त्याच्या घरी गेलो. घर त्यानंच बांधलेलं आहे. बैठकीतून स्वयंपाकघर दिसत होतं. त्याची बायको ठेंगणी. चहा ठेवायला तिनं पायानं पाट ओढला आणि त्यावर चढून उभी राहिली.

मी पाहतोय हे तिला कळलं असावं.

"मले कोणी हात ठेवाले सांगतलं नाय," गॅस पेटवत ती म्हणाली.

तो माझ्या शेजारीच बसला होता. छताकडे पाहत म्हणाला, "साखर कमी टाकजो."